अर्थ सांगून वाक्यात उपयोग

घर रिकामं होत आलं की त्याचा आवाज बदलतो. कपाट गेलं, मांडणी गेली, पाण्याचं पिंप गेलं, आणि मग मी नुसतं 'पप्पा' म्हटलं तरी ते भिंतीला लागून माझ्याकडेच परत यायला लागलं. पप्पांकडून मात्र काही येत नव्हतं. ते सकाळपासून स्वयंपाकघरात लोखंडी खुर्चीवर बसून होते. समोरच्या भिंतीवर काळा चौकोन, आणि नजर त्याच्यावर. उद्या मशीन येऊन आमची बैठ्या घरांची ओळ पाडणार होतं. बाकीची घरं कधीच रिकामी झाली होती. आमचं तेवढं राहिलं होतं, कारण पप्पा उठत नव्हते.

बाहेर टेम्पोवाला दर थोड्या वेळाने हाक मारत होता. "ताई, चला ना आता. आडगाव नाक्याला गर्दी होईल मग." मी "आलेच" म्हणायची आणि तिथेच उभी राहायची. मला घाई नव्हती. दुःख होत होतं असंही नाही. लहानपणापासूनचं घर उद्या जाणार, म्हणजे काहीतरी दाटून वगैरे यायला हवं, म्हणून मी वाट पाहत होते. काही आलं नाही. भांड्यांच्या गाठोड्यातून एक स्टीलचा पेला निसटला, फरशीवर गरगरत गेला आणि पप्पांच्या पायाशी थांबला. त्यांनी तो उचलला नाही. मीही उचलला नाही.

तो काळा चौकोन म्हणजे आमचा फळा. पप्पांनी तो स्वतः रंगवला होता, शाळेत फळ्याला लावतात तो रंग आणून. पप्पा ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर. मूळचे निफाडकडचे. शिक्षण अर्धवट सुटलेलं, पण कारखान्यातली सगळी जाडजूड पुस्तकं इंग्रजीत, आणि एक शब्द चुकीचा समजला तर विमान चुकीचं जोडलं जाणार, ही धास्ती त्यांनी जन्मभर बाळगली. मेन रोडवरच्या रद्दीच्या दुकानातून त्यांनी एक डिक्शनरी आणली होती. तिचं पुठ्ठ्याचं पान नव्हतं, तिला कुबट वास यायचा आणि पहिल्या अक्षराचे बरेचसे शब्द उंदरांनी खाल्ले होते. त्यामुळे आमच्या घरात इंग्रजी दुसऱ्या अक्षरापासून सुरू होतं असं मिलिंद म्हणायचा. मिलिंद म्हणजे माझा धाकटा भाऊ.

रिवाज असा होता. पाळीपाळीने एकाने डिक्शनरीतून एक शब्द काढून फळ्यावर लिहायचा. त्याच्याखाली मराठीत अर्थ. मग संध्याकाळी विहारातली वंदना संपली आणि आईने तवा ठेवला की प्रत्येकाने तो शब्द वाक्यात वापरायचा. वाक्य कुठल्याही भाषेत चालेल, शब्द तेवढा मधे बसला पाहिजे. पण एक अट होती आणि ती शाळेतल्या गुरुजींनी कधी घातली नव्हती. वाक्य खरं पाहिजे. त्या दिवसाचं, आपल्या स्वतःचं, घडलेलं. राम आंबा खातो असलं काही चालायचं नाही. कोण राम, कुठला आंबा, तू पाहिलास का, असं पप्पा विचारायचे. ज्याचं वाक्य पास झालं त्याने शब्दाखाली खडूने एक उभी रेघ मारायची. चौघांच्या चार रेघा झाल्या की शब्द ओल्या फडक्याने पुसायचा आणि दुसरा लिहायचा. एकाचंही राहिलं तर शब्द हलणार नाही.

पास-नापास पप्पांच्या हातात. नापास करताना ते एकच सांगायचे. "आटे जुळत नाय." नटाचे आटे आणि बोल्टाचे आटे जुळले नाहीत तर तो बसत नाही, जोर लावून बसवला तर दोन्ही वाया जातात, शब्दाचंही तसंच, हे आम्हाला चमचा धरता येत नव्हता तेव्हापासून पाठ. आई सिन्नरकडची, तिला इंग्रजी वाचता यायचं नाही. पण ती भाकरी थापता थापता असं काही वाक्य टाकायची की पप्पांना पास करावंच लागायचं. 'नेग्लिजन्स', म्हणजे हलगर्जीपणा, हा शब्द होता तेव्हा ती म्हणाली होती, "ह्या घरात माझा नेग्लिजन्स चालत नाय, तुमचा चालतो." पप्पांनी स्वतः उठून तिची रेघ मारली होती.

त्या संध्याकाळी आज आठवतात त्या आधी नाकाला आठवतात. पप्पांच्या खाकी शर्टाला मशीनच्या तेलाचा वास, तो साबणाने कधीच पुरता गेला नाही. चुलत्याकडून द्राक्षं आली की खोक्यातल्या कागदाच्या कातरणाचा वास. थंडीत शेजारच्या गांगुर्डे मावशींकडे पाणी तापायचं, त्या धुरात आमचं अंगण सकाळी दिसायचं नाही. पौर्णिमेला विहारात खीर. तिला वेलदोड्यापेक्षा मोठ्या पातेल्याचाच वास जास्त, आणि तरी ती घरच्या खिरीपेक्षा चांगली. आणि विमानं. ओझरहून उडालेलं विमान आमच्या पत्र्यांवरून जायचं तेव्हा ताटातलं वरणसुद्धा थरथरायचं. कोणीही बोलत असलं तरी पप्पा एक बोट वर करायचे, म्हणजे थांबा. विमान जाईपर्यंत सगळं घर अर्ध्या वाक्यावर थांबायचं. मग बोट खाली यायचं आणि ज्याचं त्याने राहिलेलं वाक्य पुरं करायचं. माझ्या सासरी मी सुरुवातीला विमान आलं की बोलता बोलता थांबायची, तेव्हा सासूबाईंना वाटलं होतं मला फिट येते.

फळ्यावर जो शब्द होता तो मिलिंदने लिहिलेला होता. डिस्पॉन्डन्सी. अक्षर त्याचंच, उजवीकडे वर चढत जाणारं, कारण तो खुर्चीवर चढून एका हाताने मांडणीला धरून लिहायचा. खाली मराठीत: आशा सुटल्यामुळे येणारी खिन्नता. त्याने तो शब्द निवडला कारण तो लांब होता आणि आईला म्हणता येणार नाही अशी त्याची खात्री होती. आईने पहिल्याच दिवशी म्हणून दाखवला.

पण पप्पांना शब्द आवडला होता. त्यांनी त्या दिवशी जेवण बाजूला ठेवून तो समजावून सांगितला. मला ते अजून ऐकू येतं. "हा रोजचा शब्द नाय. भाषणात, अर्जात, मोठ्या पुस्तकात वापरत्यात. कोटासारखा हाय हा, घालायला प्रसंग लागतो. सॅड कुणीपन होतं. गाडी चुकली, सॅड. डिसअपॉइंट म्हंजे मिळंल वाटलं होतं, नाय मिळालं. डिस्पेअर झाला तर मानूस रडतो, वरडतो, कायतरी करतो. आनि हे जे हाय ना, डिस्पॉन्डन्सी, ह्यात मानूस काय करतच नाय. भांडं पडलं तर ते उचलावं असंसुदिक त्याला वाटत नाय."

मिलिंद म्हणाला, "मग पप्पा, आपल्याकडे कधी येणार असा प्रसंग?"

"न येवो," आई म्हणाली. "जेवा."

आणि तो शब्द अडकला. पहिल्या संध्याकाळी मिलिंदने गंभीर चेहरा करून जाहीर केलं, "टुडे आय ॲम फुल ऑफ डिस्पॉन्डन्सी बिकॉज ऑफ गिलकं." पप्पा म्हणाले, "ही नावड झाली. आटे जुळत नाय." दुसऱ्या दिवशी क्रिकेटची मॅच हरल्याचं वाक्य, तेही नापास. मी एकदा मैत्रिणीने अबोला धरला त्याचं वाक्य केलं, तर पप्पा म्हणाले की उद्या बोलशील तू तिच्याशी, मग कसली डिस्पॉन्डन्सी. मी दुसऱ्याच दिवशी तिच्याशी बोलले, त्यामुळे वाद घालायची सोय राहिली नाही. गांगुर्डे मावशी विरजण मागायला आल्या तर मिलिंदने त्यांनाही धरलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं दोन दिस झालं नळाला थेंब नाय. हाय का नाय तुमची ती डिस्पॉन्डन्सी?" पप्पा हसून म्हणाले, "वहिनी, तुम्ही नगरपालिकेत जाऊन भांडनार, मला म्हाईत हाय. भांडनाऱ्याला हा शब्द चालत नाय." मावशींनी विरजण नेलं आणि खरोखरच जाऊन भांडल्या.

स्वतः पप्पांनाही वाक्य सापडेना. रोज ते कारखान्याच्या बसमधून उतरले की मिलिंद दारातच विचारायचा, "झालात का आज डिस्पॉन्डंट?" आणि पप्पा डबा त्याच्या हातात देत म्हणायचे, "नाय बा, आजपन नाय." तो सगळा उन्हाळा असा गेला. एप्रिलात कॉलनीत निळे झेंडे लागले, उतरले. कडुनिंबाचा मोहर पडला, अंगणात त्याची पांढरी भुकटी साचायची आणि आई ती झाडून कंटाळायची. फळ्यावर शब्द तोच आणि खाली एकही रेघ नाही. आम्हाला त्याचा थोडा अभिमानच वाटायला लागला होता. अख्ख्या घरात शोधून एक खरी डिस्पॉन्डन्सी सापडत नाही, म्हणजे काय!

मग मिलिंदचा डिप्लोमाचा निकाल लागला आणि तो एका विषयात राहिला. त्या संध्याकाळी तो म्हणाला, "व्हेन आय सी द कॉलेज गेट, आय फील डिस्पॉन्डन्सी." हसला नाही. आईचा हात परातीत थांबला. पप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "हा आळस झाला. आटे जुळत नाय." मिलिंदने खांदे उडवले आणि ताट पुढे ओढलं.

त्याच आठवड्यात तो संध्याकाळी ओझरहून मोपेडवर येत होता. आग्रा रोडला. ट्रकवाला म्हणाला की पोरगं मधेच आलं.

पुढचं मला फार आठवत नाही, आणि जे आठवतं ते कसं तरी लांबून. पांढऱ्या साड्या. मेणबत्त्यांचा वास. जलदानविधीला आलेल्या माणसांच्या चपला दारापासून गांगुर्डे मावशींच्या अंगणापर्यंत. कोणीतरी मला चहा दिला, तो मी प्याले, त्यात साखर होती की नव्हती ते कळलं नाही. रडणारे रडत होते. आम्ही तिघं एका ओळीत बसलो होतो, नुसते. पप्पांनी एकदाच, कोणाकडेही न बघता, स्वतःशी म्हटलं, "मधेच आलं?" तो प्रश्न कोणता आहे ते मला कळलं, आईलाही कळलं. त्यांनी मुलाचं वाक्य नापास केलं होतं. ते खरं असलं तर?

त्यानंतर शब्दांचा रिवाज बंद पडला. बंद करू या असं कोणी म्हटलं नाही. फळा कोणी पुसला नाही, कारण अक्षर मिलिंदचं होतं. घराला रंग दिला तेव्हा तेवढा चौकोन सोडून दिला. फोडणीच्या वाफेने खडू हळूहळू भिंतीला चिकटून बसला आणि पिवळट झाला. आम्ही त्याच्यासमोर जेवत होतो. कॅलेंडरं बदलत होती, गॅस आला, मिक्सर आला, माझं लग्न झालं, आणि मी माहेरपणाला आले की त्या शब्दाकडे पाठ करून बसायला मिळेल अशी जागा धरायची. पप्पांनी तर तेव्हापासून, रिटायर झाल्यावरही, कोणाच्या बोलण्यात चूक काढली नाही. माझी मुलं वाटेल तसं इंग्रजी बोलायची, वाटेल तो शब्द वाटेल तिथे ठोकून बसवायची. पप्पा मान हलवायचे. सगळं पास.

एकदाच त्या फळ्याला हात लागला. मी दुपारची आले होते. आई तांदूळ निवडत होती आणि पप्पा पेपर घेऊन बसले होते, वाचत नव्हते. आई सुपातून मान वर न करता, दुधाचा रतीब वाढवू का असं विचारावं त्या आवाजात मला म्हणाली, "बेबी, खडे दिसत्यात मला. पन ते काढावंसंच वाटत नाय. ही तुमची डिस्पॉन्डन्सी असल." पप्पा उठले, कोनाड्यात हात घालून खडूचा तुकडा काढला आणि शब्दाखाली एक रेघ मारली. मग परत येऊन पेपर उघडला. आईने थोड्या वेळाने खडे काढायला सुरुवात केली.

आई जाऊन आता काही वर्षं झाली. ती एक रेघ राहिली.

तर असा तो फळा, आणि असे पप्पा त्याच्यासमोर. मी पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये त्यांच्यासाठी खोली तयार केली होती. खिडकीतून आभाळ दिसतं, विमानं दिसतील असं त्यांना सांगितलं होतं. गेले कित्येक दिवस ते कशालाच हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. दिलं तर जेवायचे. डॉक्टर म्हणाले वय झालं. मला ते पटलं नव्हतं, पण दुसरं काय म्हणावं तेही सुचत नव्हतं. तो शब्द समोर भिंतीवर होता. कोट घालायचा प्रसंग कधीच आला होता, आणि कोट घातलेला माणूस खुर्चीवर बसला होता. मी म्हणाले असते तर माझंही वाक्य त्या दिवशी पास झालं असतं. पण म्हणायला तोंड उघडावं लागतं.

"ताई!" टेम्पोवाला आता दारात येऊन उभा राहिला. "म्हाताऱ्या बाबांना धरून आणू का? मी धरतो ना."

"नको," मी म्हणाले. "पाच मिनिटं."

"मघापासून पाचच चाललेत," असं पुटपुटत तो गेला. त्याचं बरोबर होतं.

मी पप्पांच्या शेजारी जमिनीवर बसले. फरशी गार होती. बराच वेळ आम्ही दोघं फळ्याकडे बघत राहिलो. जिथे मांडणी होती तिथे भिंतीला पोपडे आले होते आणि चुना सुटून खाली पडत होता.

"बेबी," पप्पा म्हणाले. इतक्या दिवसांनी आवाज निघाला तो खरखरीत निघाला. "त्याचं वाक्य खरं होतं का गं?"

कोणाचं, कोणतं, हे विचारायची गरज नव्हती. त्यांनी हे इतक्या वर्षांत मला कधी विचारलं नव्हतं. आईला विचारलं असेल तर मला ठाऊक नाही. ते भिंतीकडेच बघत बोलत होते. "मी आळस म्हनलो. आनि त्यो मधेच आला. आता उद्या हे बी जानार. मंग इचारायला जागा बी नाय राह्यची."

मला उत्तर माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. पण ते सांगायचं तर एक शब्द तोंडातून काढावा लागणार होता, आणि तो शब्द त्या घरात, त्या पांढऱ्या साड्यांत, मेणबत्त्यांच्या वासात कसा काढणार होते? नंतर कोणी विषय काढला नाही. पन्नाशी उलटली तरी वडिलांपुढे तो शब्द म्हणायला माझी जीभ अडत होती. कानशिलं गरम झाली. सकाळपासून मला जाणवलेली ती पहिली गोष्ट.

"खरं नव्हतं, पप्पा," मी म्हणाले. "तुम्ही बरोबर नापास केलं होतं."

"तू मला बरं वाटावं म्हनून..."

"नाही. त्या दिवशी दुपारी मोपेड काढताना तो मला सांगून गेला होता. आज काहीही करून फळा मोकळा करतो म्हणाला. ओझरच्या मित्राकडून चौघांची चार भारी वाक्यं करून आणतो, पप्पा नापास करूच शकणार नाहीत. त्याला पुढचा शब्द लिहायची घाई झाली होती. माझी पाळी त्याने मागून घेतली होती, आणि शब्द ठरलेला होता त्याचा. जेवायच्या वेळेपर्यंत पोचायचं होतं त्याला, पप्पा. मधेच आला असेल तर त्या घाईत आला."

पप्पांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळे पाणावलेले वगैरे नव्हते. फिटर जसा पार्ट उलटसुलट करून बघतो तसं ते माझं बोलणं बघत होते.

"कंचा?"

"काय?"

"शब्द. कंचा ठरला होता?"

बरोबर तेव्हा विमान आलं. रिकाम्या घरात तो आवाज इतका मोठा झाला की खिडकीची सुटी काच वाजायला लागली. पप्पांचं बोट वर गेलं. आपोआप. मी तोंड उघडून तशीच थांबले, लहानपणी थांबायची तशी, आणि मनात आलं की हे विमान जरा लांबवर घिरट्या घालत राहिलं तर बरं. ते गेलं. बोट खाली आलं.

"हनीमून," मी म्हणाले.

पप्पांनी मान परत भिंतीकडे वळवली.

"चौघांना वाक्य करायलाच लागणार होतं ना," मी घाईघाईने पुढे म्हणाले, आता सुरू झालंच होतं तर. "आणि खरं. तुम्हाला आणि आईला. मला म्हणाला, ताई, तू काही करू नको, तू फक्त पप्पांचं तोंड बघ."

पप्पांची हनुवटी हलली. आधी मला वाटलं, आता रडतील. त्यांच्या छातीतून एक आवाज आला, खोकल्यासारखा, आणि मग परत आला, तेव्हा मला कळलं की ते हसतायत. हसायची सवय मोडलेल्या माणसाचं ते हसू होतं.

"हरामखोर," ते म्हणाले. "लय हरामखोर होता."

मग ते वाकले. पायाशी पडलेला पेला उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. "पानी आन."

नळ अजून तोडलेला नव्हता. मी पाणी आणलं. त्यांनी गळ्यातला पंचा भिजवला आणि खुर्चीच्या पाठीला धरून उठले. फळ्यासमोर गेले आणि पुसायला लागले. मला वाटलं होतं की ते अक्षर जाताना मला काहीतरी होईल. पण ते गेलंच नाही. इतक्या वर्षांच्या फोडणीने ते बसवून टाकलं होतं. पाण्याने वरचा पिवळा थर तेवढा निघाला आणि मिलिंदचं वर चढत जाणारं अक्षर उलट जरा स्वच्छच दिसायला लागलं. पप्पांनी थोडा जोर लावला, मग सोडून दिलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "बसलेलं हाय."

कोनाड्यात खडू नव्हता, सगळं आवरलेलं होतं. त्यांनी भिंतीचा एक पोपडा सोलला, चुन्याचा जाडसर तुकडा, आणि मिलिंदच्या शब्दाच्या बाजूला उरलेल्या जागेत एकेक अक्षर काढायला सुरुवात केली. स्पेलिंग मला विचारलं नाही. पुरं झाल्यावर मागे सरून पाहिलं, बहुतेक ओळ सरळ आली की नाही ते.

"चला. वाक्य," मी म्हणाले. इतक्या वर्षांनी परीक्षक मी होते. "खरं पाहिजे."

ते माझ्याकडे बघत नव्हते.

"लग्नानंतर तिच्या मावशीकडं सिन्नरला गेलो होतो," ते म्हणाले. "घरात ही एवढी मान्सं. आमी दोघं चार दिवस एकमेकांशी बोल्लो बी नाय. परत येताना स्टँडवर गाडी चुकली. दुसरी यायला लय टाइम. मंग बाकड्यावर बसून भेळभत्ता खाल्ला दोघांनी एका कागदात. तिनं मला इचारलं, तुमी इमानात बसलाय का कधी? मी म्हनलो, नाय, नुसते नट आवळतो. तर ती इतकी हसली की कंडक्टर बघाया लागला." ते थांबले. पोपडा बोटांत फिरवत राहिले. "आमचं हनीमून सिन्नरच्या एस्टी स्टँडवर झालं."

बाहेर टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. तो नुसता धमकी देत होता, जाणार नव्हता. उद्या सकाळी मशीनवाला येईल तेव्हा त्याला कोणाच्या तरी स्वयंपाकघरात तो शब्द लिहिलेला दिसेल आणि तो काय समजायचं ते समजेल.

"पास का?" पप्पांनी विचारलं.

मिलिंदने मला एक काम सांगितलेलं होतं, आधी ते करायचं होतं. मी पप्पांच्या तोंडाकडे बघितलं, नीट, वेळ घेऊन, माझ्या आणि त्याच्या वतीने. पप्पा लाजले होते.